पाचव्या कडव्यातलं नाव

जत्रेतला कार्यक्रम रात्री दहाच्या आत आटपायचा होता. दहाला पाच कमी असताना हवालदार स्टेजच्या पायरीशी येऊन उभा राहिला, कमिटीच्या माणसाने गायिकेला हातानेच 'आवरा' म्हटलं, आणि तिने चौथं कडवं संपताच थेट ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर परतणारी ओळ, उचलून गाणं मिटवलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणाचं काही अडलं नाही. फक्त ढोलकीवाल्याचा हात क्षणभर हवेत राहिला, कारण पाचव्या कडव्याची लग्गी, म्हणजे जलद ठेका, त्याने सुरू केली होती. गाणं जुनं, पाच कडव्यांचं, आणि कवीचं नाव होतं ते पाचव्यात.

तसं पाहिलं तर बिघडलं काहीच नाही. लोकांना ध्रुपद पाठ होतं, ते त्यांना आणखी दोनदा मिळालं. गायिकेची बिदागी ठरलेली होती, ती मिळाली. मंडपवाला, जनरेटरवाला, स्पीकरवाला, सगळ्यांचे पैसे यात्रा कमिटीच्या वहीत लिहिलेले. ज्याने गाणं रचलं त्याचं त्या वहीत पान नव्हतं. त्याची नोंद होती ती फक्त गाण्यात, आणि नेमकं तेवढंच गळलं. लोकगीत रचणाऱ्याची कला आणि त्याचं पोट यांची सगळी ओढाताण त्या एका कडव्यात भरलेली आहे, असं तेव्हापासून वाटत राहिलं आहे.

कात्री लागते ती नेहमी शेवटाकडून.

नाममुद्रेची, म्हणजे शेवटी स्वतःचं नाव गुंफण्याची, रीत शाहिरांना संतांकडून आली. 'तुका म्हणे' किंवा 'एका जनार्दनी' ऐकलं की अभंग संपत आला हे कळतं. शाहिराची गरज मात्र जरा वेगळी होती. त्याचं गाणं छापलं जात नव्हतं, ते तमाशाच्या एका फडातून दुसऱ्या फडात कानोकानी जायचं. आज इथे गायलेली लावणी पुढच्या बाजाराला तिसऱ्याच गावात तिसऱ्याच माणसाच्या तोंडी. अशा वेळी शेवटचं कडवं म्हणजे गाण्याचा सातबारा. त्यात कवीचं नाव, बऱ्याचदा गुरूचं आणि गावाचं, कधी गाणाऱ्या साथीदाराचंही. मुरलेला शाहीर ते नाव अशा जागी बसवतो की उपटता येऊ नये. ओळीच्या मध्ये सुटं ठेवलेलं नाव सहज बदलता येतं, तेवढ्याच मात्रांचं दुसरं नाव घातलं की काम झालं. यमकात अडकवलेलं नाव काढायला गेलं तर आधीच्या ओळींचीही यमकं बदलावी लागतात. चोराला एवढी मेहनत करायची असती तर त्याने स्वतःच नसतं का रचलं!

म्हणून नावंही मापात हवीत. लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी येणारं 'वामन' घ्या. वा दोन, म एक, न एक, एकूण चार मात्रा. तालाच्या आठ मात्रांच्या आवर्तनाचा बरोबर निम्मा भाग. ओळीच्या तोंडाशी, मध्ये, शेवटी, कुठेही ठेवा, बसतं. 'सगनभाऊ' सात मात्रांचं, त्यातला शेवटचा ऊ ओढून आठ करता येतात. 'पठ्ठे बापूराव' अकरा मात्रांचं, ते ओळीत शिरलं की बाकीच्यांनी सरकून बसायचं. नव्याने लिहिणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. स्वतःचं पूर्ण नाव आडनावासकट कोंबतात आणि मग गाणारा त्यातलं अर्धं गिळतो.

'होनाजी बाळा' हे आपण एका दमात म्हणतो, पण ती माणसं दोन होती. होनाजी शिलारखाने रचणारा आणि बाळा करंजकर गाणारा. मुद्रेत दोघं. रचणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा वाटा कसा लावायचा यावर आज वकील बसवावे लागतात, तो पेशवाईच्या उत्तरार्धात या जोडीने एका ओळीत लावून टाकला होता. होनाजीचं घर गवळ्याचं. सगनभाऊ शिकलगार, हत्यारांना धार लावणारा. परशराम शिंपी, सिन्नरजवळच्या बावी गावचा. बिदागी येवो न येवो, हाताला दुसरं काम होतं. उलट रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरचं कुलकर्णीपण सोडून पुरता फडात उतरला, पठ्ठे बापूराव झाला, लावण्यांचा ढीग रचला, आणि १९४५ साली गेला तो विपन्नावस्थेत. यावरून जोडधंदा ठेवावा असा सोपा धडा काढायचा मोह होतो. पण एवढी रचना हातून झाली ती फड रोज उभा राहत होता म्हणूनही. समोर गिऱ्हाईक बसलेलं, उद्याच्या गावाला नवं काहीतरी हवं, अशा निकडीत जे सुचतं ते कापड बेतता बेतता सुचेलच असं नाही. उलट, कापड बेतता बेतता एक ओळ आठ दिवस घोळवता येते, ती चैन फडात नाही. दोन्हीकडे काहीतरी मिळतं आणि काहीतरी हातचं जातं. कुठलं महाग पडलं हे ज्याचं त्याला ठाऊक.

आजचा गीतकार बहुधा दुसरं काहीतरी करणारा असतो. कुणाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, कुणाची पिठाची गिरणी, कुणी एसटीत, कुणी शाळेत. त्यातले काही धंदे गाण्याला पूरक, काही थेट आडवे येणारे. मंडपवाल्याची पंचाईत सगळ्यात मोठी, कारण लग्नसराई आणि जत्रा एकाच वेळी पेटतात. दसऱ्याला तमाशाचे तंबू बाहेर पडतात, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या कमिट्या येऊन इसार देतात, आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवसांत ज्याचे बांबू आणि पडदे तीन गावांत पसरलेले असतात, त्याच्याकडे फडमालकाने नवी गवळण मागितली तर तो कधी लिहिणार? म्हणून लिहायचं ते पावसाळ्यात. फडही तेव्हा घरी असतात आणि नव्या वगाची, म्हणजे तमाशातल्या नाट्याची, जुळवाजुळव चालू असते. आषाढ-श्रावणात मंडपाचं सामान शेडमध्ये पडून असतं, ताडपत्रीला कुबट वास सुटलेला असतो, आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. धंद्याचा मंदीचा काळ तो गाण्याचा सुगीचा.

गाण्याचा बाजार तारखांनी बांधलेला आहे, हे बाहेरच्याला पटकन ध्यानात येत नाही. देवीचं गाणं नवरात्रात वाजायला हवं तर ते श्रावणात रेकॉर्ड व्हावं लागतं. शिवजयंतीचा पोवाडा १९ फेब्रुवारीच्या आधी गाणाऱ्याच्या अंगवळणी पडलेला हवा, म्हणजे दिवाळीला कागदावर. १४ एप्रिलची भीमगीतं जानेवारीत तयार. पंधरा दिवस उशीर झालेलं गाणं पंधरा दिवस मागे पडत नाही, ते एक वर्ष मागे पडतं. आणि वर्षभर वहीत पडलेलं गाणं पुढच्या वर्षी लिहिणाऱ्यालाच शिळं वाटतं.

रचायचं कसं, याबद्दल फार गूढ बोललं जातं. प्रत्यक्षात सुरुवात बहुतेक वेळा चालीपासून होते. चाल म्हणजे नुसती सुरावट नव्हे. कुठे दम घ्यायचा, कुठे झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे सूर धरणाऱ्यांनी, उचलायचं, कुठे ढोलकी एकटी बोलणार, हा सगळा आराखडा त्यात आला. आधी टेबलावर बोटं वाजवत नुसतं 'ना ना ना' म्हणून मोबाइलवर भरून घ्यायचं. मग ध्रुपदाचे शब्द. जागरणासाठी, केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, एक ओळ समजा अशी सुचली: 'डोंगरमाथी भंडाऱ्यानं, वाट उन्हाची न्हाली गं.' मोजून पाहू. 'डोंगरमाथी' आठ. 'भंडाऱ्यानं' आठ. 'वाट उन्हाची' आठ. 'न्हाली गं' सहा, आणि पुढच्या दोन मात्रा रिकाम्या. या रिकाम्या दोन मात्रा फार मोलाच्या. ढोलकीवाला तिथे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची तयारी करतो, झीलकरी श्वास भरतात, गायिका पाऊल टाकते. लिहिणाऱ्याने हावरेपणाने तिथे आणखी एक शब्द भरला की तिघांचीही अडचण. आता कुणाला वाटलं की अर्थ नीट लागत नाही, म्हणून 'भंडाऱ्यानं'च्या जागी 'भंडाऱ्यामुळे' करू. नऊ मात्रा झाल्या. कागदावर काही दिसत नाही, पण गाताना 'मु' गिळला जातो आणि 'भंडाऱ्याम्ळे' असं काहीतरी चमत्कारिक ऐकू येतं. स्टुडिओतला एखादा शहाणा 'नं'चं 'ने' करून देतो. मात्रा तेवढ्याच राहतात, पण डोंगराची वाट एकदम शाळेच्या पुस्तकात जाऊन पडते.

शेवटचं अक्षर कोणतं, यावर निम्मं गाणं तरतं. 'गं', 'रं', 'जी' यांना गावंढळ म्हणून हसणाऱ्यांनी एकदा टिपेला जाऊन 'वाट' किंवा 'शब्द' यांच्या शेवटच्या अक्षरावर सूर धरून दाखवावा. ट आणि द तोंड बंद करतात. ई, आ, ओ उघडं ठेवतात. यमकाचंही तसंच. पाच कडवी म्हणजे ध्रुपदाकडे पाच वेळा परतायचं, तेव्हा यमकाच्या पोत्यात आधी हात घालून बघावं. 'न्हाली'ला आली, झाली, ल्याली, प्याली, भ्याली, व्याली, खाली, गाली एवढे तरी सहज निघतात. 'डोंगरकाठ' असा शेवट धरला असता तर तिसऱ्या कडव्यात पाठ, चौथ्यात गाठ, आणि पाचव्यात 'साठ' हा आकडा कुठूनतरी ओढून आणावा लागला असता. अशी ओढून आणलेली साठ माणसं, साठ पायऱ्या, साठ वर्षं आपल्या लोकगीतांत पुष्कळ आहेत. संशय घ्यायला हरकत नाही. ध्रुपदानंतर थेट शेवटचं कडवं लिहून टाकणंही सोयीचं असतं. नाव आणि यमक एकदा घट्ट बसलं की मधली तीन-चार कडवी मागे-पुढे करता येतात, वेळ पडली तर एखादं गाळता येतं.

लिहिताना कागद समोर असला तरी ऐकताना कर्णा असतो, हे विसरून चालत नाही. जत्रेतल्या पत्र्याच्या कर्ण्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, मधले आणि वरचे तेवढे शिवारापलीकडे जातात. म्हणून ज्या शब्दावर ओळख पटायची तो चढ्या सुरात ठेवायचा. प, फ, भ या अक्षरांनी ओळ सुरू झाली की माइक फट् करून फुटतो. भंडारा ओळीच्या तोंडाला न ठेवता मध्ये टाकण्याचं तेही एक कारण. आणि रात्रीचं दव. उघड्या मैदानात चामडं ओल धरतं, हलगी मऊ पडते, ती जाळावर शेकून घ्यावी लागते. ढोलकीची शाईची बाजू उतरते, ती पुन्हा आवळून सुरात आणायला चार-पाच मिनिटं जातात. अनुभवी फडात गाण्यांचा क्रम लावताना जलद लावणीच्या पाठीवर मुद्दाम बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, येते. लोक सोंगाड्याला हसत असतात आणि मागे ढोलकीवाला कान लावून ठाकठोक करत असतो. हे माहीत असलेला गीतकार पुढच्या गाण्याची पहिली ओळ ढोलकीशिवाय, नुसत्या तुणतुण्यावर चालेल अशी लिहून देतो. त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

पैसे मिळतात ते ऑर्डरच्या गाण्याचे. निवडणुकीचं प्रचारगीत, साहेबांच्या वाढदिवसाचं गाणं, मंडळाचं टायटल साँग, दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात. यात कमीपणा काही नाही, दरबारी पोवाडे तरी दुसरं काय होते? ऑर्डरच्या गाण्यात कारागिरी जास्तच लागते, कारण शब्द आपले नसतात. गिऱ्हाईक कागदावर नावं लिहून आणतं. 'भाऊसाहेब' नऊ मात्रांचं, आठांत मावत नाही, तेव्हा 'भाऊ' वेगळं आणि 'साहेब' पुढच्या आवर्तनात. 'जिल्हाध्यक्ष' या शब्दाने तर आजवर किती चालींचे पाय मोडले असतील. 'उपाध्यक्षांचं नाव पण घ्या' हा निरोप रेकॉर्डिंगच्या दिवशीच येतो. आणि ही सगळी नावं जाऊन बसतात कुठे? शेवटच्या कडव्यात, जिथे एकेकाळी कवी बसायचा. पैसे देणाऱ्याने जागा घेतली. व्यवहार म्हणून रोखठोक आहे. मनाला लागतं ते एवढंच की लिहिणाऱ्याने स्वतःहून उठून ती जागा दिली, कारण त्या बदल्यात आगाऊ रक्कम रोख मिळाली.

आगाऊ रक्कम मात्र घ्यावीच. निवडणूक हरलेल्या उमेदवाराकडून उरलेले पैसे वसूल करण्याइतकं अवघड काम दुसरं नाही, आणि जिंकलेल्याकडून तर त्याहून. निम्मे आधी, निम्मे रेकॉर्डिंगच्या दिवशी, फाइल नंतर. चाल ऐकवायची ती ध्रुपदापुरती, पेटीवर, समोर बसून. मोबाइलवर पूर्ण गाणं पाठवलं की तेच गाणं दोन दिवसांनी दुसऱ्याच आवाजात वाजायला लागतं.

आता त्या कापलेल्या कडव्याचं गणित. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर वरच्या ध्रुपदाच्या ३२ मात्रांना १२ सेकंद लागतात. कडव्यात अशा तीन ओळी, ३६ सेकंद. ध्रुपदाकडे परत, १२. मधली ढोलकी, आणखी १२. म्हणजे एक कडवं बरोबर एका मिनिटाचं, आणि सुरुवातीचं संगीत आणि ध्रुपद धरून पाच कडव्यांचं गाणं सहा मिनिटांच्या घरात. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली कोलकात्यात, आणि पुढे घरोघरी पोचलेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला गाणं मावायचं साधारण तीन मिनिटांचं. दोन कडवी बसली, फार ओढाताण केली तर तिसरं. पाचवं कधीच नाही. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास होता, तरी कंपनीला त्यात जास्तीत जास्त गाणी हवी होती. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाचं बंधन पडलं. राज्याने वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बाराची मुभा द्यायची, एवढीच सवलत. रात्रभर चालणारा वग अडीच-तीन तासांत आला, तिथे गाण्याच्या कडव्यांची काय कथा. आणि रील तर बहुधा पहिलं कडवं पुरं होण्याआधीच संपतं. या कुठल्याच टप्प्यावर कवीचं नाव काढून टाकायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. ते शेवटी होतं, एवढंच त्याचं चुकलं.

खरं सांगायचं तर पाच कडव्यांच्या पुष्कळ लावण्यांत तिसरं-चौथं कडवं भरताड असतं. अलंकारांची यादी, गावांची यादी, वारांची यादी. तीन मिनिटांच्या तबकडीने ते झाडून काढलं हे चांगलंच झालं. घट्ट विणीची, दोन कडव्यांत सगळं सांगून मोकळी होणारी गाणी त्या सक्तीतूनच आली. पण भरताड काढताना सहीही गेली.

जात्यावरच्या ओव्या आठवल्या की या सगळ्या तक्रारीचा आवाज थोडा खाली येतो. त्यात बहुधा रचणारीचं नावच नसतं. असतो तो भाऊ, लेक, माहेरचं गाव, पंढरीची वाट. रचणारीला बिदागी नको होती, तिला दळण संपवायचं होतं. त्या ओव्या आज स्टेजवर येतात तेव्हा पडद्यावर 'पारंपरिक' असं लिहिलेलं असतं, आणि ते बरोबरही असतं. अडचण होते ती त्या शब्दाच्या आळशी वापराने. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी रचलेलं, ज्याची मुलं अजून गावात राहतात असं गाणंही 'पारंपरिक' म्हणून खपवलं जातं. पठ्ठे बापूरावांच्या रचनांवरचा कॉपीराइटचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षांनी, २००५ संपताना संपला, त्या खुल्या झाल्या. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा २००४ साली गेले, त्यांचा २०६४ अखेरपर्यंत. हे लोकांच्या तोंडी आहेत म्हणून लोकांच्या मालकीचे आहेत असं नव्हे. विचारायला वारस आहेत, आणि विचारायला लागतं.

कडव्यातून गेलेलं नाव आता कागदावर धरून ठेवावं लागतं, आणि तो कागद गीतकाराला सगळ्यात जास्त कंटाळवाणा वाटतो. वहीत तारीख टाकून लिहिलेलं गाणं, त्या दिवशीचं मोबाइलवरचं 'ना ना ना', हे दोन्ही पुरावे आहेत, जपून ठेवावेत. हक्क रचनेबरोबरच जन्माला येतो, नोंदणी सक्तीची नाही. करायची तर शब्दांची पाचशे रुपये, चालीची वेगळी पाचशे, आणि आक्षेपासाठी तीस दिवसांची वाट. गाणं कंपनीला किंवा चॅनेलला देताना 'सर्व हक्क कायमचे' या ओळीवर सही मारून मोकळं होण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात गाणं वापरलंच नाही तर, कागदावर वेगळं काही ठरलं नसल्यास, हक्क परत येतात. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा, वाटा विकताच येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आणि कलम ५७ म्हणतं की हक्क विकले तरी रचना आपली असल्याचं सांगायचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो. शाहिरांनी पाचव्या कडव्यात जे केलं तेच हे, फक्त इथे ढोलकी नाही.

घोटाळा होतो तो पुढे. रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळाला की गीतकाराला वाटतं, नोंद झाली. तो क्रमांक ध्वनिमुद्रणाचा. शब्द-चालीच्या रचनेची नोंद वेगळी, ती आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीत सभासद होऊन गाणं कळवलं तरच होते. ते केलं नाही तर गाणं लाखो वेळा वाजतं आणि पैसे कुणाला द्यायचे हे यंत्राला माहीत नसतं. दुसरा घोटाळा चालीचा. गोंधळाची चाल कुणाच्या बापाची नाही. पण त्याच चालीवर एखाद्या कंपनीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर आधी चढलेलं असेल तर नव्या गाण्यावर दावा येऊन आदळतो. घाबरून गाणं काढून टाकू नये. चाल पारंपरिक आहे, शब्द आणि वादन आपलं आहे असं लिहून हरकत घ्यावी. दावेदाराला उत्तराला तीस दिवस असतात. अर्थात हे तेव्हाच जमतं जेव्हा आपणही वर्णनात 'संगीत' म्हणून स्वतःचं नाव ठोकलेलं नसतं.

मजा अशी की जुनी युक्ती सगळ्यात नीट उचलली आहे ती डीजेवाल्यांनी. जयंतीच्या मिरवणुकीत वाजणारं कुठलंही रीमिक्स ऐका. पहिल्या दहा सेकंदांत बाईच्या घोगऱ्या आवाजात डीजेचं नाव, मग ध्रुपदावर एकदा, मग मध्येच, मग शेवटी. कापायचं म्हटलं तरी कापता येऊ नये असं विणलेलं. लिहिणाऱ्याचा त्यात पत्ता नसतो. डीजेवाल्याला नावं ठेवण्यापेक्षा शिकलेलं बरं, असं म्हणून काही गीतकारांनी नाव पुढे सरकवायचा विचार केला तर त्यांना दोष देता येणार नाही. पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत नाव घालता येईल, पण तिथे श्रोता अजून गाण्यात शिरतोय, मध्येच कवीने येऊन नमस्कार केल्यासारखं होतं. ध्रुपदात घालावं म्हटलं तर जागा एकच. 'वाट उन्हाची न्हाली गं'मधला 'गं' काढायचा, त्याच्या दोन मात्रा आणि पुढच्या रिकाम्या दोन, अशा चार मात्रांत चार मात्रांचं नाव चपखल बसतं: 'वाट उन्हाची न्हाली माधव.' नाव दर मिनिटाला येणार, रीलमध्येही येणार, कुणाच्या बापाला कापता येणार नाही. पण 'न्हाली' कोण, वाट की माधव, असा घोळ होतो. टिपेला सूर धरायला उघडं अक्षर उरत नाही, 'व'वर ओठ मिटतात. आणि ढोलकीवाला हात वर करून विचारतो, माझ्या दोन मात्रा कुठे गेल्या?